आत्तीला बोलायचं होतं

फोन आला तेव्हा माझ्यासमोरच्या पडद्यावर एका अनोळखी माणसाच्या गालाचं हाड होतं. अपघातात चेंगरलेलं, सात तुकड्यांचं. ते तुकडे मी माउसनं एकेक करून जागेवर सरकवत होते. हे माझं रोजचं काम आहे. कोल्हापुरात मी ज्या कारखान्यात नोकरी करते, तिथं टायटेनियमच्या भुकटीतून माणसांची हाडं छापली जातात. ज्याचं हाड गेलंय त्याच्याच मापाची, दुसऱ्या कुणालाही न बसणारी. फोन सुशीलाकाकूचा होता, माझ्या आत्तीच्या शेजारणीचा. "वर्षा, तुजी आत्ती गेली गं," ती म्हणाली. "धार काढून उठली आणि गोठ्याच्या दारात टेकली. टेकली ती टेकलीच." मी विचारलं, "काही बोलली का?" "म्हशीला शिवी दिली. खणखणीत. गल्लीला ऐकाय आली."

माझ्या वडलांना, आप्पांना, घेऊन मी आत्तीच्या गावी पोचले तोवर अंगण माणसांनी भरलं होतं, आणि त्या अंगणाच्या मधोमध उभा राहून तो हुकूम सोडत होता. बांबू इकडं ठेवा, मडकं नवं आणा, माझ्या वहिनीचं सगळं रीतसर झालं पायजे... तो, म्हणजे आत्तीचा चुलत दीर. पुढं स्मशानात, चिता पेटल्यावर, चार माणसं बोलायला उभी राहिली त्यात तोही उभा राहिला. "आमच्यात थोडं समज-गैरसमज झालं असतील," तो म्हणाला, "पर वहिनी मला आईच्या जागी हुती." कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, कारण आप्पांनी माझं कोपर घट्ट धरून ठेवलं होतं. त्याला आता सात आठवडे झाले, पण ती गप्प उभी असलेली मी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. म्हणून हे लिहिते आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. गेलेल्या माणसाबद्दल मी चांगलंच बोलणार आहे. जो अजून आहे, त्याच्याबद्दल मला तसं कुणी बंधन घातलेलं नाही. त्याचं नाव तेवढं मी लिहिणार नाही. संपादकांनीही तसं सांगितलंय, आणि ते नाव उच्चारायला आत्तीला किती कष्ट पडले ते मी बघितलंय... फुकट छापून द्यावं अशी माझी इच्छा नाही. तो रोज पेपर वाचतो, पुरवणीसकट. त्याला कळेल.

आत्ती म्हणजे आत्या. गडहिंग्लजच्या बाजूला, कर्नाटकाची हद्द जवळ आली की आत्याची आत्ती होते. तिचं नाव अनसूया, गावात सगळे अनशाक्का म्हणायचे. आप्पांची ही थोरली बहीण. नेसरीच्या अलीकडच्या एका लहान गावात तिला दिली होती. लग्नानंतर बारा-तेरा वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. माहेरी परत ये म्हणून आप्पांनी किती वेळा सांगितलं, ती म्हणायची, "मी कशाला येऊ? माझी म्हस हाय, माझा उंबरा हाय." आमच्याकडच्या बायका बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात, आत्तीही तशीच बोलायची, आणि तिच्या तोंडी ते इतकं शोभायचं की लहानपणी मला वाटायचं हे व्याकरण फक्त तिच्यासाठीच केलंय. आवाज असा, की नदीच्या या काठावरून तिनं हाक मारली की त्या काठावर चरणारी म्हैस मान वर करायची. ती कोल्हापूरला यायची तेव्हा आमच्या गल्लीच्या तोंडाशीच बोलायला सुरुवात करायची आणि दारात येईपर्यंत तिचं निम्मं सांगून झालेलं असायचं. आई चहाचं आधण तिच्या आवाजावर टाकायची, कडी वाजण्यावर नाही.

गावची दूध संस्था हे सगळ्या बायकांचं रोजचं सकाळ-संध्याकाळचं ठिकाण. किटली घेऊन रांगेत उभं राहायचं, सचिव त्यातलं थोडं दूध काढून मशीनला लावणार, दुधात फॅट किती हे मशीन सांगणार, आणि त्यावर दुधाची प्रत आणि दर ठरणार. सचिव हा चुलत दीर. मशीनचा पडदा त्यानं स्वतःकडं तोंड करून ठेवलेला होता. पलीकडच्या माणसाला तो सांगेल तोच आकडा. आत्तीला कितीतरी दिवस वाटत होतं की आपल्या म्हशीचं दूध एवढं पातळ नसणार. म्हणून तिनं एक केलं. एका सकाळी एकाच म्हशीचं दूध दोन किटल्यांत ओतलं. एक किटली स्वतः नेली, दुसरी शेजारच्या एका गड्याच्या हाती त्याच्या नावानं पाठवली. गड्याच्या किटलीचा आकडा चांगलाच वर निघाला. आठवडाभर ती तेच करत राहिली, आणि आठवडाभर तेच निघालं. मग संस्थेच्या वार्षिक सभेत, जिथं बायका मागच्या सतरंजीवर बसून चहा येण्याची वाट बघतात, तिथं ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "एकाच सडाचं दूध, बाईच्या किटलीत पातळ आणि गड्याच्या किटलीत घट्ट कसं हुतंय, ते सचिवांनी सांगावं." सभा हसली. तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती नेहमीसारखी रांगेत गेली. तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "पडदा हिकडं फिरीव." तो म्हणाला, गप दूध ओत. ती पुन्हा म्हणाली, "फिरीव की. काय भ्या हाय?" आणि पडदा बघायला तिनं मान पुढं काढली. त्यानं टेबलावरची तिचीच किटली, दुधानं काठोकाठ भरलेली, कडीला धरून उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. एकदा नाही, दोनदा. पाच बायका तिथं उभ्या होत्या. सुशीलाकाकू त्यातलीच एक. पोलीस आले तेव्हा पाचही जणी म्हणाल्या, आमी बघितलं न्हाई. त्यानं सांगितलं, वहिनी पायरीवरनं घसरून पडली, किटली हातात हुती, ती लागली. आणि ते तसंच कागदावर गेलं.

जबडा दोन ठिकाणी मोडला होता. जवळच्या एका दवाखान्यात पट्ट्या आणि स्क्रू लावून तो जोडला, पण आत पू झाला, हाड कुजत गेलं. शेवटी कोल्हापुरात आणून डाव्या कानाखालच्या कोपऱ्यापासून हनुवटीच्या पलीकडंपर्यंतचं सगळं हाड काढून टाकावं लागलं. जीभ पुढं धरून ठेवणारे स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. हनुवटीच गेली, तशी जीभ मागं पडली. खालचा ओठ लोंबू लागला, त्यातली संवेदना गेली. आत्ती खांद्यावर टॉवेल घेऊन बसायची, लाळ पुसायची, आणि नळीनं पेज घ्यायची. आवाज होता, शब्द नव्हते. ती बोलायला जायची आणि बाहेर काहीतरी ओलं, गोल, अर्थ नसलेलं यायचं... ते ऐकून तिचीच मान खाली जायची. पुढं तिनं बोलणंच सोडलं. चौथीपर्यंत शिकलेली बाई, आप्पांनी आणून दिलेल्या पाटीवर लिहायची. गावाकडून येणाऱ्या माणसांकडून कळायचं की तो पारावर बसून काय म्हणतो: लई तोंड चालायचं, देवानंच बंद केलं. हे ऐकल्यावर तिनं पाटीवर लिहिलं, 'देवान न्हाय. ह्येन.'

आप्पांनी तिच्या नावानं फिर्याद लावून धरली होती, कोर्टात तारखा पडत होत्या. फिर्यादी म्हणून तिला उभं केलं की त्याचा वकील म्हणायचा, साक्षीदाराला बोलता येत नाही, पाटीवर कोण काय लिहून देतं ते आम्हाला माहीत नाही. खुणेनं आणि लिहूनही साक्ष देता येते, हे आमच्या वकिलांनी तिला समजावलं. तिनं पाटी पुसली आणि लिहिलं, 'तोंडान.'

मी तोवर दुसऱ्यांची हाडं करत होते. आत्तीचं काम मी मागून घेतलं. घरच्या माणसाचं काम करू नये असं आमच्यात म्हणतात, हात कापतो. माझा कापला नाही. पहिल्या दवाखान्यात, मार बसला त्याच दिवशी काढलेला सी.टी. स्कॅन मिळाला, त्यात मोडलेले पण सगळे तुकडे होते. ते मी पडद्यावर जोडून पुन्हा अखंड जबडा उभा केला. जोडताना प्रत्येक तुकडा उलटा सरकवावा लागतो, ज्या दिशेनं तो फेकला गेला तिच्या बरोबर उलट. तीन दिवस मी हे करत होते, आणि तीन दिवस ती किटली कुठून आली, दुसऱ्यांदा कुठून आली, हे मला बोटांत कळत होतं. मोडलेल्या जबड्याची प्लास्टिकची एक प्रतिकृतीही मी छापून घेतली. सर्जनना ती ऑपरेशनच्या तयारीसाठी हवी होती. मला ती टेबलावर हवी होती, राग निवू नये म्हणून.

सर्जन भले गृहस्थ. त्यांनी आत्तीला सांगितलं, आधी तुम्हाला चावता कसं येईल ते बघू. तिनं पाटी पुढं केली. 'खान राहूद. बोलाय येऊदे.' त्यांनी ती पाटी दोनदा वाचली आणि माझ्याकडं बघितलं. मग आम्ही आराखडा बदलला. हनुवटीच्या आतल्या अंगाला बारीक भोकांची एक ओळ ठेवली, जिभेचे स्नायू टाके घालून तिथं बांधता येतील अशी. दोन्ही टोकांना, जिथं धातू आणि तिचं स्वतःचं हाड भेटणार, तिथं गुळगुळीत न ठेवता खरखरीत जाळी ठेवली, हाडाला आत शिरून धरायला. वजन उतरवत नेलं. अकरा वेळा मी तो जबडा पुसला आणि अकरा वेळा पुन्हा काढला.

छपाई सुरू झाली त्या दिवशी आप्पा कारखान्यात आले होते. आप्पांचा सगळा जन्म फाउंड्रीत मोल्डर म्हणून गेला, वाळूचे साचे करण्यात आणि लोखंड ओतण्यात. मशीनच्या काचेतून ते बघत राहिले. आत भुकटीचा केसापेक्षा पातळ थर पसरत होता, लेसरचा ठिपका त्यावर हवी तेवढीच रेघ वितळवून जात होता, मग त्यावर पुन्हा थर. "साचा कुठाय?" त्यांनी विचारलं. साचा नसतो म्हटलं. ते तासभर उभे होते. जाताना एवढंच म्हणाले, "आमी सगळ्यांना एकाच साच्यातनं काढायचो. ही भारी हाय... एकीसाठी एक." दुसऱ्या दिवशी दुपारी भुकटी बाजूला झाडल्यावर आत्तीचा जबडा वर आला. भट्टीत तापवून, आधाराच्या काड्या तोडून, बाहेरची बाजू घासून तो तयार झाला तेव्हा मी तो हातात घेतला. माझ्या तळव्यात मावत होता. एवढ्याशा वस्तूनं एका माणसाला तोंड द्यायचं होतं.

ऑपरेशन नीट झालं. सूज उतरल्यावर आत्तीचा चेहरा परत आला, आणि जीभ पुढं आली. पण ओठाची संवेदना काही परत आली नाही, आणि ओठ मिटल्याशिवाय प, ब, म ही अक्षरं निघत नाहीत. त्या माणसाच्या नावात अशी तीन अक्षरं आहेत. बोलायला शिकवणारी मुलगी आमच्या घरी यायची, तिनं आत्तीला आरशासमोर बसवून 'मामा, बाबा' म्हणायला सांगितलं. आत्तीनं मान हलवली आणि पाटीवर लिहिलं, 'मला मामा न्हाय बाबा न्हाय. ह्येच नाव शिकीव.' आणि खाली त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव. ती मुलगी बिचारी गोंधळली. मग रोज दुपारी, जेवणं झाल्यावर, आमच्या घरात त्या माणसाचं नाव घुमायचं. आत्ती खालच्या ओठाखाली बोट लावून तो वर ढकलायची आणि म्हणायची. पहिल्यांदा नुसती हवा, मग 'व'सारखं काहीतरी, मग एक दिवस 'ब'. शेजारचे विचारायचे, कोण हे? आई म्हणायची, दीर आहे त्यांचा, फार जीव आहे. आम्ही हसायचो... आत्तीही हसायची, आवाज न करता, टॉवेल तोंडाशी धरून.

सहाव्या महिन्यात ती गावी परत गेली. मी सोडायला गेले होते. दुपारी सुशीलाकाकू गरम भाकरी घेऊन आली. दारातच रडायला लागली, कशी हाईस गं, किती सोसलंस गं. आत्ती उठून तिच्यासमोर गेली. बोट ओठाखाली लावलं, ओठ वर ढकलला, आणि म्हणाली, "भित्री." दीड वर्षानंतर त्या गावात तिनं उच्चारलेला हा पहिला शब्द. काकू भाकरी तिथंच ठेवून गेली. मला वाईट वाटलं, मी आत्तीला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "वाईट वाटू दे. तिला बी वाटू दे." चार दिवस काकू फिरकली नाही. पाचव्या दिवशी सकाळी आली, आत न येता उंबऱ्यापाशी थांबली आणि म्हणाली, "मी साक्ष देतो." मागून आणखी एकजण तयार झाली. बाकीच्या तिघी शेवटपर्यंत झाल्या नाहीत. त्यांची नावं मला पाठ आहेत.

साक्षीच्या दिवशी आत्तीनं नवं इरकल लुगडं नेसलं. पिंजऱ्यात उभी राहिली तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागं घेतले. मला आधी कळलं नाही का ते. मग लक्षात आलं, बोट ओठाकडं जाऊ नये म्हणून. त्याचा वकील म्हणाला, "बाई, तुमचा जबडा नकली आहे हे खरं आहे का?" आत्ती म्हणाली, "व्हय. ह्येनं माझा मोडला म्हणून." वकील म्हणाला, ह्यानं म्हणजे कुणी? तिनं श्वास घेतला. कोर्टात पंखा फिरत होता, कुणीतरी खोकत होतं, मी माझ्या मांडीवर नखं रुतवून बसले होते. तिनं त्याचं नाव घेतलं. पहिलं नाव, बापाचं नाव, आडनाव. ब मिटला, प मिटला, म मिटला. मी त्याच्याकडं बघत होते, आत्तीकडं नाही. एवढे महिने पारावर बसून जे तोंड बंद झालं म्हणून तो सांगत होता, त्या तोंडातून स्वतःचं नाव ऐकताना त्याचा चेहरा कसा झाला, ते मला बघायचं होतं. मी बघितलं. तेवढ्यासाठी मी आणखी अकरा जबडे केले असते.

सर्जननीही साक्ष दिली. पडून हनुवटी आपटली की बहुतेकदा कानाजवळचे सांधे मोडतात, या बाईंचे सांधे शाबूत होते आणि मार बाजूनं बसलेला दिसतो, असं त्यांनी ती प्लास्टिकची प्रतिकृती हातात धरून दाखवलं. सुशीलाकाकू थरथरत बोलली, पण बोलली. त्याला तीन वर्षांची शिक्षा लागली. तो अपिलात गेला, जामीन झाला, आणि काही आठवड्यांनी गावात परतही आला. मला वाटलं आत्ती खचेल. मी फोनवर त्याला, कोर्टाला, सगळ्यांना शिव्या घालत होते. ती म्हणाली, "वरडू नको. तो घरात हाय, पर आता तो कोन हाय ते गावाला ठावं हाय." मग म्हणाली, "आणि मी हितंच हाय. मी कुटं जातोय?"

ती खरंच कुठं गेली नाही. सचिवपद त्याच्याकडून गेलं होतं, त्या खुर्चीत त्याचा मुलगा बसत होता. बायकांनी एकजुटीनं मागणी केल्यावर मशीनचा पडदा बाहेरच्या बाजूला फिरवला गेला. आत्ती सकाळ-संध्याकाळ सगळ्यांच्या आधी जायची, स्वतःचं दूध घालायची आणि मग घरी न जाता पडद्याशेजारी उभी राहायची. प्रत्येक बाईचं दूध लागलं की पडद्यावरचा आकडा ती मोठ्यानं म्हणायची, आधी बाईचं नाव आणि मग आकडा. तो समोर ओसरीवर खुर्ची टाकून बसायचा. त्याला ऐकवायला ती आवाज आणखी चढवायची. मी एकदा म्हटलं, आत्ती, रोज दोन वेळा कशाला जिवाला त्रास? ती म्हणाली, "तरास मला हुत न्हाई. ज्याला हुतोय तो समोर बसतोय." दोन वर्षं तिनं हे एक दिवस चुकवलं नाही. शांत होण्याचा तिला कुणी सल्ला दिला की ती म्हणायची, मेल्यावर हाईच की.

ती गेल्यावर तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला आम्ही गेलो. राख सावडताना आप्पांच्या हाताला तो जबडा लागला. चितेत सगळं जळतं, टायटेनियम वितळत नाही. वरून करडा झालेला, कडेला निळसर, पण अखंड. आप्पा खालीच बसले. भावकीतला एक म्हातारा म्हणाला, हे बी नदीत सोडा, मागं ठेवू नये. मी तो पाण्यानं धुतला, पदरानं पुसला, आतून-बाहेरून फिरवून बघितला. कुठंही चीर नव्हती. त्या वेळी तो चुलत दीर चार पावलांवर, रीत म्हणून आलेल्या भावकीत, उभा होता. मी जबडा त्याच्या समोर धरला. "बघून घ्या," म्हटलं, "हा मोडत नाही." त्याला आईच्या जागी असलेल्या बाईचा जबडा होता तो, पण त्यानं हात पुढं केला नाही. मग आम्ही तो नदीत सोडला. ठेवून घ्यावा असं मला फार वाटलं होतं. पण आप्पा म्हणाले, तिचं हाय, तिच्यासंगं जाऊ दे.

मला माहीत आहे, काही वाचकांना वाटेल की एवढा राग बरा नव्हे. मलाही कधीमधी वाटतं. अपील अजून चालू आहे. तिची साक्ष कागदावर आहे, ती कुणाला पुसता येणार नाही, एवढं वकिलांनी मला पुनःपुन्हा सांगितलंय, आणि मी ते पुनःपुन्हा विचारते.

गेल्या आठवड्यात मी गावी गेले होते. म्हैस सुशीलाकाकूनं सांभाळायला घेतली आहे, पण संस्थेतलं खातं अजून आत्तीच्या नावावर आहे, ते काकूच्या नावावर करायचं होतं. सकाळी काकूनं धार काढली आणि किटली माझ्या हातात दिली. आज तूच घेऊन चल, म्हणाली. रांगेत माझ्या मागं बारा-पंधरा बायका होत्या. त्याच्या मुलानं थोडं दूध काढून मशीनला लावलं. पडद्यावर आकडा उमटला. मी किटली उचलायला वाकले, तर मागं कुणी हललं नाही. सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी हळूच काकूला विचारलं, आता आकडा कोण म्हणतं? "कोन न्हाई," काकू म्हणाली. "सा आटवडं झालं... कुनाचं तोंडच उगडत न्हाई गं."

समोर ओसरीवर तो खुर्चीत बसला होता, पायावर पाय टाकून.

"सात पॉइंट एक," मी म्हटलं. कारखान्यात बोलते तसं, कुणाला त्रास होणार नाही अशा आवाजात.

"ऐकाय आलं न्हाई," मागून एक म्हातारी म्हणाली.

मी किटली खाली ठेवली, ओसरीकडं तोंड केलं आणि पोटातून म्हटलं, "अनसूयाबाई, सात पॉइंट एक." माझा आवाज फाटला, पण तो वर बघेल इतका मोठा आला. माझ्या मागं काकू होती. तिचं दूध लागलं तसा तिनं स्वतःचा आकडा स्वतः म्हटला, नावासकट. तिच्या मागचीनं तिचा. तिसरीच्या वेळी तो उठला, चपला शोधत आत गेला. मी रांग संपेपर्यंत पडद्याशेजारी उभी राहिले.